माझी ड्यूटी अकराची

नीलूचं वजन पाच किलो नऊशे ग्रॅम भरलं. डॉक्टरांनी तिला उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. काटा जरा थरथरला आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला. मी मनातल्या मनात तिच्या पायांतले चांदीचे वाळे वजा करत होते, म्हणजे खरं वजन आणखीच कमी. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

"दहा महिने ना?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता."

आमच्या सोलापुरात हे वाक्य कौतुकानं कुणी म्हणत नाही. याच्या मागून बोलणी येतात. ती आली. सकाळी बरोबर साडेसहाला टॉनिकचे पाच थेंब. बरोबर सातला दूध, ताजं उकळलेलं, कोमट, वाटी-चमच्यानं. मग दर तीन तासांनी. पाणी उकळून गार केलेलंच. "महिन्यानं या. पाव किलो तरी वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल. आणि एवढ्या मुलीला तिथं ठेवायला," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि वाक्य पुरं केलं नाही. ते अर्धं वाक्य मी महिनाभर पुरं करत बसले.

आता आमच्या घरची सकाळ. हे गिरणीच्या टाइम ऑफिसात. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहून ठेवणं हे यांचं काम, त्यामुळे यांना स्वतःला उशीर करता येत नाही. सातच्या भोंग्याला फाटकावर. घरात स्टो एक, वातीचा. चाळीला नळ एक, चार बिऱ्हाडांत. दुष्काळाचं दुसरं वर्ष, पाणी एक दिवसाआड, अर्धा तास, आणि तो अर्धा तास सहा ते नऊच्या दरम्यान कधीही. म्हणजे स्टो, नळ, नीलू आणि हे, अशी चार कामं आणि त्यांना हात दोन.

मी बी.एस्सी. आहे, गणित घेऊन, दुसऱ्या वर्गात. त्याचा उपयोग तोवर फक्त लग्नपत्रिकेत झाला होता. मी कागद घेतला. चार कामं एकापाठोपाठ करायची तर त्यांचे चोवीस क्रम होतात. मी चोवीसच्या चोवीस मांडले. पहिल्या सहात दूध उतू जात होतं, पुढच्या सहात नीलू उपाशी राहत होती, त्यापुढच्या सहात हे. शेवटच्या सहात सगळं जमत होतं, फक्त पाणी निघून जात होतं.

"बाविसावा बघ," हे दाढी करता करता म्हणाले. "त्यात मी आंघोळ करतोय का?"

"बाविसाव्यात तुम्ही आंघोळ करताय, पण पाणी आलेलं नाहीये."

खरी अडचण नळाची होती. बाकीच्या तिन्ही गोष्टींना वेळ होती, नळाला नव्हती. ती कळली तर बाकीचं गणित सुटणार होतं. म्हणून मी नीलूला कडेवर घेऊन पाण्याच्या कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनांनी मला पाणी येत नसल्याच्या तक्रारीचा फॉर्म दिला.

"येत नाही असं नाही. कधी येतं ते विचारायचंय."

"म्हणजे येतं?"

"येतं की."

"मग तक्रार काय?" त्यांनी फॉर्म परत घेतला. मग म्हणाले, "वेळ विचारायचा फॉर्म नाही. साधा अर्ज करा. पण नळ कुणाच्या नावावर?"

नळ घरमालकांच्या नावावर. घरमालक माळशिरसला. त्यांची सही हवी, आणि सहीखाली नळाचा नंबर. नंबर नळावरच कोरलेला असतो म्हणे. आमच्या नळावर नंबराच्या जागी कुणीतरी पूर्वी कपड्याची दोरी बांधलेली, ती सोडल्यावर खाली नुसता गंज निघाला. "नंबर नसलेला नळ आमच्या दप्तरी नाही," कारकून म्हणाले, "आणि दप्तरी नसलेल्या नळाला पाणी यायला नको." मी तिथून पटकन निघाले. न जाणो, विचारायला गेले आणि होतं तेही बंद व्हायचं.

शेवटी मी चावीवाल्यालाच गाठलं. धोंडीराम. खांद्यावर ती मोठी इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी टाकून सायकलवरून येतो, रस्त्यातलं झाकण काढतो, चावी फिरवतो, आणि एका गल्लीचं पाणी सुटतं.

"आमच्या गल्लीला नक्की किती वाजता सोडता?"

"नंबर येईल तवा."

"कितवा नंबर?"

"आता बगा बाई, गल्ल्या अकरा, चावी एक. कवा झाकनावर बैलगाडी उभी आसती. कवा टाकीतच कमी आसतं. मी काय सांगू?"

"मग अकरा माणसं, अकरा चाव्या. सगळ्यांना एकदम सोडायचं. सगळे मोकळे."

धोंडीरामनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग नीलूकडं बघितलं, आणि तिच्यासाठी म्हणून आवाज खाली आणला. "सगळ्यास्नी एकदम सोडलं तर कुनालाच चढत न्हाय, बाई. नळ नुसता फुसफुस करतो. एकामागनं एकच सोडाय लागतं."

चावी फिरवणाऱ्याला काय कळतं, असं तेव्हा माझ्या मनात आलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारण मला त्याच दुपारी आमचे गणिताचे सर आठवले. आम्ही शेवटच्या वर्षाला असताना सर मुंबईला जाऊन कॉम्प्युटर बघून आले होते, आणि आठवडाभर दुसरं काही शिकवत नव्हते. खोलीएवढं यंत्र, पण एका वेळी एकच बेरीज करतं, ती झाली की दुसरी. वेग प्रचंड. "पण समजा," सर म्हणाले होते, "उद्याचं हवामान काढायचंय आणि यंत्राला लागले दोन दिवस. मग उत्तर बरोबर असून उपयोग काय? अशा गणिताला एकापाठोपाठ चालत नाही. गणिताचे तुकडे करायचे आणि पुष्कळ यंत्रांनी एकाच वेळी करायचे." एवढं सांगून त्यांनी आम्हा छत्तीस जणांनाच यंत्रं केलं. एका अगडबंब आकडेमोडीचे छत्तीस तुकडे, प्रत्येकाला एक. वर्गात नुसती पेन्सिलींची कुरकुर. मला अंगावर काटा आल्याचं आठवतं.

पुढं काय झालं ते मला तेव्हा आठवलं नाही. ते नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणजे बायका मोकळ्या होत्या. नळाजवळच्या कट्ट्यावर मी सभा भरवली. सभेला तिघी. केराबाई सांगोल्याकडच्या, गावात टँकरसुद्धा येईना तेव्हा नवऱ्यामागून इथं आलेल्या. निंगव्वाकाकू अक्कलकोटकडच्या, वयानं मोठ्या, घरात सासू मल्लव्वा. आणि सुंदरम्मा, विणकराच्या घरातली, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. तिचा नवरा नरसय्या गिरणीत रात्रपाळीला असतो आणि दिवसा दार पुढं करून झोपतो.

नीलूचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. सल्ले आधीच देऊन झाले होते. केराबाईंचा बकरीच्या दुधाचा, सुंदरम्माचा नाचणीचा, निंगव्वाकाकूंचा विभूतीचा. मी म्हटलं, सल्ले पुरे, आता तक्ता. प्रत्येकीनं घरची चार चार कामं एकापाठोपाठ करायची, त्याऐवजी एकीनं एकच काम करायचं, पण चारी घरांचं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी. केराबाईंनी चौघींचं पाणी. निंगव्वाकाकूंनी चौघींचा स्टो. सुंदरम्मानं चौघींची मुलं.

"आनि तुमी वो वैनी?" केराबाई.

"मी वेळ बघणार. कुणी कधी काय करायचं ते सांगणार."

 मग केराबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कट्ट्यावरून उतरल्या. "आगं बया! घड्याळाकडं बगायचं काम! त्ये मला द्या की. मला घड्याळ येत न्हाय, पर मी नुसती बगत बसंन!"

"हसू नका. गिरणीत बघा. नरसय्या एकटे चार माग बघतात की नाही, एकाच वेळी?"

आतून खाट करकरली. नरसय्या दारात आला, डोळे लाल. झोपमोड झाली होती. "बघत नाही अक्का. चार माग कोण बघंल? मी ऐकतो. चालू हाय तोपर्यंत तिकडं ध्यान द्यायचंच नाही. धागा तुटला की माग बंद पडतो. आवाज बंद झाला की तिकडं पळायचं." आणि दार लावून घेतलं.

हेही मी ऐकून सोडून दिलं. मला तक्ता करायचा होता, त्यात पुढचा दिवस गेला.

पहिला दिवस फार छान गेला. त्या दिवशी पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून वीस मिनिटांनी नळ आला. केराबाई नळाशी हजर, कंबर कसून, पण घागरी नाहीत. घागरी घासायला निंगव्वाकाकूंकडं. काकू घागरींसमोर बसून, कारण घासायला पाणी नाही. पाणी केराबाईंकडून यायचं. केराबाई घागरींची वाट बघतायत. बारा मिनिटं नळ धो धो गटारात वाहिला, आणि तिघी आपापल्या जागी तक्त्याप्रमाणं अगदी बरोबर थांबलेल्या होत्या. तिसरी मी. मी घड्याळ बघत होते.

तिसऱ्या दिवशी काकूंनी चारी घरांचं दूध एकाच पातेल्यात ओतून तापवलं. "चार पातेली कशाला घासायची, पाणी कुठंय?" त्यात केराबाईंचं बकरीचं, माझं गाईचं आणि सुंदरम्माकडचं, ज्याला दूध म्हणायची पद्धत आहे ते. वाटून परत आलं तेव्हा कुणाचं कुठलं हे सांगणं गणिताच्या पलीकडं गेलेलं होतं.

चौथ्या दिवशी यांचा डबा राहिला. तक्त्यात यांचं नावच नव्हतं. हे उपाशी निघाले, वाटेत काहीतरी खायला थांबले, आणि फाटकावर चार मिनिटं उशिरा पोचले. टाइम ऑफिसात दुसरं कुणी आलेलं नव्हतं. यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला उशीर लावला. संध्याकाळी आले ते थेट तक्त्यासमोर उभे राहिले. 

"मी कुठाय यात?"

"तुम्ही तक्त्याच्या बाहेर आहात."

"मलाही तसंच वाटलं," हे म्हणाले.

पण एक सांगायला हवं. त्या पंधरवड्यात नीलूला थेंब आणि दूध वेळेवर मिळत होतं. मिळालं की नाही याचीच मला काळजी असायची, कारण देणाऱ्या चार जणी. म्हणून मी पाटी काढली. आमच्या दारावर खिळ्याला टांगली. तिघींना तीन भाषा येतात, पण वाचता एकीलाही एकही येत नाही. तेव्हा खूण अशी: थेंब दिले की कुंकवाचं बोट, दूध दिलं की हळदीचं. देण्याआधी पाटी बघायची. बोट असेल तर द्यायचं नाही. रोज पहाटे मी पाटी ओल्या फडक्यानं पुसणार. मला ही युक्ती सरांना कळवावीशी वाटली होती. पत्राचा मायनासुद्धा मनात तयार होता.

नीलू त्या दिवसांत नळाकडं बोट करून 'म्म' म्हणायला लागली होती. गाल जरासे वर आले होते. मी रोज तिला दोन हातांवर तोलून बघायची, आणि माझे हात मला हवं तेच सांगायचे.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, निंगव्वाकाकूंच्या सासूबाई मल्लव्वा लेकीकडून परत आल्या. आमच्या दारावर हळदी-कुंकवाची पाटी. घरात आजारी पोर. म्हातारीला सांगायला कशाला हवं? देवी बसवलेली दिसतेय, आणि या आजकालच्या मुलींनी ना पाणी घातलंय, ना फूल. तिनं आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं, तांब्यानं पाटी नीट धुतली. त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, वर एक कण्हेरीचं फूल ठेवलं, आणि नमस्कार करून आत गेली.

तेव्हा सव्वासात झाले होते. सुंदरम्मानं थेंब आणि दूध देऊन खूण केली होती, ती धुतली गेली. काकूंनी पाटी बघितली. बोट नाही. त्यांनी दिलं, खूण करायला आल्या तर पाटीवर सासूबाईंचं फूल आणि विभूती, उगाच शिवाशिव नको म्हणून तशाच परत गेल्या. केराबाईंनी बघितली. त्यांनाही बोट दिसलं नाही. त्यांनी दिलं, आणि वर बकरीचंच दिलं, आज बाळाला भूक आहे म्हणून खूश होऊन. आठला मी घड्याळ बघून उठले, पाटी बघितली, बोट नाही, आणि तिघींनाही मनातल्या मनात नावं ठेवत, एक तास उशीर झाला म्हणून डोळ्यांत पाणी आणून, माझ्या लेकीला चौथ्यांदा थेंब आणि दूध पाजलं. तिनं तोंड फिरवलं. मी नाक दाबून पाजलं.

नऊला तिला उलटी झाली. मग दुसरी. दुपारपासून जुलाब. संध्याकाळी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि या वेळी मी शिकलेली दिसते असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूट मीठ, चमच्याचमच्यानं, दिवसभर, थांबवायचं नाही. "डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर ताबडतोब आणा. वाट बघू नका."

यावर शहाण्या बाईनं काय केलं असतं? चमचा घेऊन मांडी घालून बसली असती. मी तक्ता केला. दिवसभर एकटीला कसं जमेल? म्हणून दोन दोन तासांची ड्यूटी लावली, गिरणीसारखी. सात ते नऊ सुंदरम्मा. नऊ ते अकरा केराबाई. अकरा ते एक मी. मग काकू. तिघींच्या डोळ्यांत अपराध होता, कुणी हसलं नाही. केराबाईसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस. सहाला नाही, सातला नाही, आठला नाही. मागच्या खेपेलाही पाणी आलं नव्हतं, चाळीत चार दिवसांचे रिकामे हंडे. नऊला पाच कमी असताना धोंडीरामची सायकल वाजली आणि नळ फुसफुसला. सुंदरम्माची ड्यूटी संपत आलेली. तिनं केराबाईंना हाक दिली, "केराबाई, आता तुम्ही हं," आणि हंडा घेऊन पळाली. केराबाई "व्हय" म्हणाल्या आणि घागर घेऊन पळाल्या, पाच मिनिटांत जाऊ म्हणून. काकू पळाल्या. मी पळाले. नीलूच्या पाण्यासाठीच तर पळाले.

नळावर काय झालं ते लिहीत नाही. चौघींनी एकदम चार हंडे खाली लावले, धार कुठल्याच हंड्यात नीट पडेना. केराबाई काकूंची घागर सरकवतायत, काकू कानडीत काहीतरी म्हणतायत, सुंदरम्मा तेलुगूत. मी मराठीत सांगते आहे की नंबरानं घ्या, नंबरानं, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा. पितळी घागरी एकमेकांवर आपटतायत. नीलूचं रडणं घरातून येत होतं. सकाळपासून ती रडतच होती, बारीक, किरकिरं. ते कानांवर पडत होतं आणि मी ते ऐकत नव्हते.

"ए! ए बाई!"

नरसय्या. दारात, लुंगीवर, केस उभे. रात्रपाळी करून आठला झोपलेला माणूस. चार हंड्यांच्या आणि तीन भाषांच्या गोंगाटात जो हलला नव्हता.

"बिड्डाचा आवाज बंद झाला," तो म्हणाला. "पोरीजवळ कोण हाय?"

आम्ही चौघींनी एकमेकींकडं बघितलं. सुंदरम्मानं केराबाईंकडं, केराबाईंनी सुंदरम्माकडं. मग दोघींनी माझ्याकडं. आणि मी, आई, त्या क्षणी खरोखर मनात म्हणाले: माझी ड्यूटी अकराची आहे.

हंडा माझ्या हातातून सुटला तो कुठं गेला ते मला आजही माहीत नाही.

नीलू गोधडीवर होती. डोळे अर्धे उघडे, आत ओढलेले. हाक मारली तर बुबुळं हळूच माझ्याकडं वळली, जणू फार लांबून. ओठ कोरडे, पापुद्रे आलेले. वाटी भरलेली, चमचा वाटीतच. हे गिरणीत. नरसय्या तसाच, लुंगीवर, डॉक्टरांकडं सायकल मारत गेला. मी तिला मांडीवर घेतलं आणि चमचा भरला. अर्धा सांडला. दुसरा घाईनं दिला, तो सगळा उलटून बाहेर आला.

डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"एक चमचा. आता थांबा. साठ मोजा. राहिला पोटात? आता दुसरा. घाई केलीत तर सगळं बाहेर. असं दुपारपर्यंत. लघवी झाली तर झालं. नाही झाली तर मी घेऊन जाणार."

"आमी काय करू, डाक्टर?" दारातून केराबाई. तिथं तिघी उभ्या होत्या, मल्लव्वासुद्धा. आठ हात. प्रत्येकीला काहीतरी करायचं होतं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तोंड एक आहे."

मी एक चमचा दिला आणि साठ मोजले. तेव्हा मला सरांच्या त्या तासाचं उरलेलं अर्धं आठवलं. छत्तीसातल्या पस्तीस जणांनी आपले तुकडे दहा मिनिटांत केले होते. मागच्या बाकावरच्या श्रीमंत नावाच्या मुलाचा हातचा कुठंतरी चुकला होता आणि तो पुन्हा पहिल्यापासून करत होता. सगळा वर्ग त्याच्याकडं वळून बसलेला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. सर खडू घेऊन उभे. आणि घंटा झाली. सर म्हणाले, "बरं, उद्या," आणि उद्या त्यांनी दुसरंच काहीतरी शिकवलं. ते उत्तर आम्हाला कधी मिळालंच नाही.

एक चमचा. साठ.

दहा वाजले. अकरा वाजले, माझी ड्यूटी सुरू झाली. या विचाराचं मला हसू आलं, आणि ते हसणं मल्लव्वाला बरं वाटलं नसावं, ती येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. बाराचा भोंगा झाला. माझ्या मागं कुणीतरी स्टो पेटवला, पाणी उकळल्याचा आवाज आला, कुणीतरी गार करायला ताटलीत ओतलं. केराबाईंचा पाय दिसला, हंडा ठेवून गेला. हे आले, बातमी कुणी पोचवली कुणास ठाऊक, भिंतीशी बसले आणि मनातल्या मनात साठ मोजू लागले. त्यांचे ओठ हलत होते. त्यांचे साठ माझ्या साठाआधी संपायचे. आयुष्यभर मिनिटं मोजणारा माणूस, पण त्या दिवशी चुकत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी माझी साडी ओली झाली. ऊबदार, मांडीवरून खाली.

"झाली," मी म्हणाले.  "झाली हो."

केराबाईंनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. नीलूनं कपाळाला आठ्या घातल्या, तोंड वाकडं केलं, आणि एवढासा, फाटका आवाज काढला. भिंतीपलीकडं नरसय्याची खाट करकरली. तो तोवर बसून होता, हे मला तेव्हा कळलं. आता आडवा झाला.

महिना भरला त्या दिवशी मी नीलूचे वाळे घरीच काढून ठेवले. काटा पाच किलो साडेआठशेवर थांबला. मी डॉक्टरांना वाळ्यांचं सांगितलं. मागच्या खेपेचं, सगळं. वाळे तोलून बघितले होते मी, पन्नास ग्रॅमच होते. डॉक्टरांनी कागदावर वजाबाकी केली, ती बरोबर आली, पाच किलो साडेआठशे. महिनाभर चार घरं धावली, आणि उत्तर होतं तेवढंच. हॉस्पिटलाची चिठ्ठी त्यांनी अर्धी लिहिली होती. ती उशीखाली ठेवावी तशी त्यांनी टेबलावरच्या काचेखाली सरकवली. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "पुन्हा बघू."

आज त्यातला नववा दिवस आहे.

तक्ता मी फाडला. पाटी मात्र काढता आली नाही. मल्लव्वा रोज तिला फूल वाहते आणि काढलीत तर काय होईल ते कानडीत सांगते. सकाळी साडेसहाला मी थेंब देते, सातला दूध, मीच, दुसरं काही करत नाही. स्टोवर काही जळत असतं, नळ येऊन वाहत असतो, हे स्वतःचा डबा स्वतः भरून दाराशी चपला शोधत असतात. मी उठत नाही. बाहेर आमची घागर कुणीतरी लावतं, भरतं आणि आत आणून ठेवतं. कोण ते मी विचारत नाही. विचारलं तर त्याचा पुन्हा तक्ता व्हायचा.

नीलूला दूध नको असतं. ती रडते. बारीक नाही आता, चांगली घसा फोडून, चाळभर. अशा वेळी नळावरचा गोंगाट मिनिटभर थांबतो, तिघीही कान देतात, आणि मग घागरी पुन्हा आपटायला लागतात. भिंतीपलीकडून नरसय्याचं घोरणं येतं.

तो घोरतो आहे तोवर मी चमचा भरते.